पुतण्याचं नाव पटावर घेऊ का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मुख्याध्यापकांचा चार्जही माझ्याकडेच आहे. माझे धाकटे दीर शहरात राहतात. पुतण्या तिथे इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. दिरांचं म्हणणं असं की पुढच्या जूनपासून त्याचं नाव माझ्या शाळेच्या पटावर घ्यायचं. तो राहील शहरातच, तिथल्या नवोदयच्या (केंद्र सरकारच्या निवासी शाळांच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासला जाईल, इथली हजेरी मी सांभाळायची. म्हणजे पाचवीत तो ग्रामीणमधून नवोदयला बसेल. ‘वहिनी, सगळेच करतात,’ असं ते म्हणतात. सासूबाई म्हणतात, नातवाचं भलं होतंय तर तुझं काय जातं? घरात महिनाभर अबोला आहे.

दुसरं असं की यंदा पाचवीत माझ्याकडे चौदा मुलं आहेत. त्यातल्या चौघांना शाळा भरण्याआधी तासभर नवोदयचं शिकवते. त्यांच्या घरी अभ्यासाचं विचारणारं कोणी आहे, म्हणून हे चौघे. बाकीच्यांवर अन्याय होतोय का? आणि अशी तयारी करून घेतलेलं यश खरं मानायचं का? मग दिरांच्या क्लासात आणि माझ्या तासात फरक काय? वर्गात एक मुलगी आहे, चौघांपेक्षा तल्लख. आई-वडील ऊसतोडीला जातात, ती परीक्षेला इथे असेलच याचा भरवसा नाही, म्हणून तिला घेतलं नाही. ते बोचतंय. काय करू?

– एक बाई

उत्तर :

ताई,

नाव घेऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीच्या गोष्टींवर बरंच बोलायचं आहे आणि यावर फारसं नाही.

‘तुझं काय जातं’ या प्रश्नाचं उत्तर मात्र सासूबाईंना नीट द्यायला हवं. एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, आणि ती अख्ख्या जिल्ह्यातून. त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे 60. ग्रामीण कोणाला म्हणायचं, हे नियमात स्वच्छ लिहिलंय. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णवेळ खेड्यातल्या शाळेत शिकलेलं मूल ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी ते शहरी. तुमचा पुतण्या तीन वर्षं शहरात शिकून त्या साठांत बसला, तर एकसष्टावं मूल बाहेर पडेल. ते कोणत्या तालुक्यातलं, कोणत्या वाडीवरचं, हे कुणालाच कधी कळणार नाही. त्याच्या आईबापालाही नाही, त्यांना वाटेल पोरगं कमी पडलं. म्हणूनच हे करणाऱ्यांना रात्री झोप लागते.

‘सगळेच करतात’ हे खरं नाही, पण बरेच करतात हे खरं आहे. शहरात बसायचं आणि पट खेड्यातल्या शाळेचा दाखवायचा, ही सोय करून देणारे लोक आहेत आणि पालकही डोळे उघडे ठेवूनच त्यांच्याकडे जातात. एक वर्ष गाळून मूल मागे ठेवणारेही आहेत. नवोदयला एका मुलाला एकदाच बसता येतं, पाचवीत असतानाच. जन्मतारखेची मर्यादा साधारण सव्वादोन वर्षांची असते. त्यामुळे थोडं मोठं, थोडं जास्त घोटलेलं मूल बसवण्याकडे कल असतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मी नव्याने सांगत नाही.

पण ‘हजेरी सांभाळा’ म्हणजे नेमकं काय सांभाळायचं, ते दिरांना माहीत नसावं. एकदा नाव आलं की त्या नावामागे सगळी शाळा फिरते. रोज ‘ह’ लावला की पोषण आहाराच्या नोंदीत त्याच्या नावावर 100 ग्रॅम तांदूळ खर्ची पडतो. तो तांदूळ कुठे गेला? पाठ्यपुस्तकं आली, गणवेश आला, सही कोणाची? चाचण्यांचे पेपर कोण लिहिणार? विद्यार्थ्यांच्या नोंदी आता आधारला जोडून ऑनलाइन असतात. तिकडच्या शाळेतून नाव निघाल्याशिवाय तुमच्याकडे नाव चढणार नाही. म्हणजे पोरगं तीन वर्षं कुठल्याच खऱ्या शाळेत नसणार. सकाळ-संध्याकाळ क्लास, मध्ये काय ते देव जाणे. आणि शेवटी नवोदयच्या अर्जाबरोबर मुलाच्या फोटोचं जे प्रमाणपत्र अपलोड होतं, तो तुमच्या शाळेत कधीपासून शिकतोय हे सांगणारं, त्यावर सही-शिक्का मुख्याध्यापकाचा. तुमचा. निवड झाली की प्रवेशाच्या वेळी कागद पुन्हा तपासतात. तिथे काही निघालं तर प्रवेश जातो आणि चौकशी तुमच्या दारात येते.

2011 च्या ऑक्टोबरमधली पटपडताळणी तुम्ही स्वतः पाहिली असेल किंवा जुन्या शिक्षकांकडून ऐकली असेल. तीन दिवसांत सगळ्या राज्याच्या शाळा मोजल्या होत्या आणि कागदावरची मुलं किती, ते उघडं पडलं होतं. ते दिवस ज्यांनी काढले, ते आजही पटावर खोटं नाव म्हटलं की दचकतात.

आता दिरांना नकार देताना हातात काहीतरी देऊन द्या, नुसता नकार नको. त्यांच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. एक, पुतण्याने जिथे शिकतोय तिथूनच शहरी म्हणून बसावं. राहिलेल्या 20 जागा शहरी-ग्रामीण सगळ्यांना खुल्या असतात. चुरस मोठी आहे, पण ती खरी आहे. (त्या विसांतही आरक्षण आणि ग्रामीण मुलं असतातच, हेही सांगा, उगाच आशा नको.) दुसरी वाट मला जास्त आवडते. पुतण्याला खरोखरच गावी आणा. आजी घरात आहे, काकू शाळेत आहे, घर आपलं आहे. तिसरी ते पाचवी त्याने तुमच्या वर्गात, बाकीच्यांच्या रांगेत बसून काढावी. तो नियमाने ग्रामीण होईल आणि तुम्ही निर्धास्तपणे सही कराल. सासूबाईंना विचारून बघा, तीन वर्षं नातवाला सांभाळायची तयारी आहे का. दिरांना विचारा, मुलाला गावच्या शाळेत घालायची हिंमत आहे का. मला वाटतं, या प्रश्नावर अबोला सुटेल किंवा निदान कारण तरी बदलेल. गावची शाळा मुलाला शिकवायला चालत नाही आणि पटाला मात्र चालते, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणायला लागू द्या.

आता तुमच्या तासाबद्दल.

तयारी करून घेणं म्हणजे फसवणूक, असं तुमच्या मनात कुठेतरी बसलंय. ते काढून टाका. ही परीक्षा 80 प्रश्नांची, 100 गुणांची, दोन तासांची. त्यात मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न, 50 गुण. म्हणजे अर्धा पेपर आकृत्यांचा. वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा कोणती, कागद दुमडून भोक पाडलं तर उघडल्यावर कसा दिसेल, या मोठ्या आकृतीत ही छोटी कुठे दडली आहे. कागदोपत्री ही उपजत बुद्धीची तपासणी. प्रत्यक्षात ज्या मुलाने हे प्रकार आधी पाहिलेत, त्याला एक प्रश्न पाऊण मिनिटात सुटतो. ज्याने पहिल्यांदाच परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिले, ते दोन मिनिटं ‘विचारलंय काय?’ यातच घालवतं. त्यात उत्तरपत्रिकेतले गोल पेनाने काळे करायचे, प्रश्न 31 चा गोल 32 ला झाला की पुढची सगळी रांग सरकली. यात बुद्धी कमी-जास्त असण्याचा काय संबंध? ही सवय आहे, आणि सवय विकत घेता येते. निवासी अकादम्या तेच विकतात.

तेव्हा शहरातल्या मुलाकडे सवय आणि तुमच्या मुलांकडे नुसती बुद्धी, अशी लढत लावून तिला न्याय म्हणायचं, हे मला पटत नाही. तुमचा तास त्यासाठी आहे. दिरांच्या क्लासात आणि तुमच्या तासात शिकवलं जातं ते बहुतेक सारखंच असेल. फरक आहे तो दार कोणाला उघडं आहे याचा. तिथे फी भरणाऱ्याला. तुमच्याकडे... आणि इथे मी तुम्हाला सोडणार नाही. तुमच्याकडेही ज्याच्या घरी विचारणारं कोणी आहे त्यालाच. फी घेतली नाही एवढंच.

हे चौघे तुम्ही मनाला येईल तसे निवडले नाहीत, मला कळतं. एकटी बाई, दोन-दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, त्यात उरलेला तास कुणावर खर्च करायचा, तर जिथे काही निघेल तिथे. पण पालक जागरूक आहेत म्हणून मुलाला जास्त, हाच तर अकादमीचाही नियम आहे.

माझं म्हणणं असं करून बघा. आकृत्यांचा भाग सकाळच्या तासातून काढून शाळेच्या वेळात आणा, चौदाच्या चौदांसाठी. रोज वीस मिनिटं, दुपारच्या सुट्टीनंतर, जेव्हा तसंही मुलं पेंगतात. त्याला पुस्तकही लागत नाही. जुन्या वहीचं पान घ्या, चारपदरी दुमडा, कंपासच्या टोकाने कोपऱ्यात भोक पाडा आणि उघडण्याआधी प्रत्येकाला पाटीवर काढायला लावा, भोकं किती आणि कुठे. मग उघडा. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाने एकच भोक काढलेलं असेल. चौथ्या दिवशी मुलं स्वतः कागद दुमडून एकमेकांना कोडी घालतील. आरशातल्या प्रतिमेला आरसा लागतो, तो कोणाच्याही घरात मिळतो. त्यावर ‘क’ धरा, ‘र’ धरा, घड्याळ धरा. घड्याळाचं नक्की करा, मुलं त्यात हटकून फसतात. हे शिकवायला अकादमी लागते, असं ज्याने पसरवलं त्याचा धंदा चालला.

भाषेच्या भागाचंही सांगते. चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, 25 गुण. पेपर मराठीतून घेता येतो. तुमच्या मुलांचं घरचं, दारचं सगळं मराठीत चालतं, इथे ती कुठल्याही इंग्रजी शाळेतल्या मुलाला भारी पडू शकतात. अट एकच, वाचायची सवय हवी. रोज एक उतारा मोठ्याने न वाचता मनात वाचायला द्या. खेड्यातल्या शाळेत मुलं मोठ्याने छान वाचतात आणि मनात वाचायला सांगितलं की अडखळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. गणिताचे 20 प्रश्न तर तुमच्या पाचवीच्या पुस्तकाच्या आसपासचेच, त्यासाठी वेगळं काही करू नका.

सकाळचा तास ठेवा, पण तो मागेल त्याला. वर्गात जाहीर सांगा, ज्याला यायचंय त्याने यावं. पहिल्या आठवड्यात चौदा येतील, पंधरा दिवसांत सात उरतील. ते सात कोण असतील, हे तुम्ही आधी ठरवलेलं नसेल. ‘आम्ही ढ’ ही भावना येते ती दार लावलं की येते. उघड्या दारातून स्वतःहून घरी खेळायला गेलेलं मूल स्वतःला ढ समजत नाही. आणि वयात बसणाऱ्या सगळ्यांचे अर्ज भरा. अर्जाला फी नाही.

एक सावधगिरी. दीर उद्या म्हणतील, नाव नको तर नको, घरी शिकवणी घ्या, पैसे देतो. घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी करता येत नाही. सुट्टीत गावी आलेल्या पुतण्याला काकू म्हणून कोडी घालणं वेगळं, ते खुशाल करा.

आता ती मुलगी. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न माझ्या मते हा आहे. पुतण्यावर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलात आणि हिच्यावर तीन ओळी.

नवोदयची कल्पना 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. पहिल्या दोन शाळा त्याच सुमारास निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. हेतू असा की खेड्यातलं हुशार पोर बापाची ऐपत नाही म्हणून मागे राहू नये. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. नववीपासून दरमहा 600 रुपये विकास निधी असतो, तोही मुलींना माफ. एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखीव. ही सगळी रचना कोणासाठी केली असेल असं वाटतं तुम्हाला? दहा वर्षांची, तल्लख, मराठी शाळेत शिकणारी, कोयत्यावरच्या जोडप्याची मुलगी. तिच्यासाठीच. आणि ती यादीतून कशाने गळते? बुद्धीने नाही, पेपरच्या तारखेने. महाराष्ट्रात ही परीक्षा अलीकडे डिसेंबर-जानेवारीत होते, साडेअकरा ते दीड. त्या वेळी तिची आई कुठल्या तरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असते आणि ती कोपीवर (मजुरांच्या झोपडीत) धाकट्या भावाला धरून बसलेली असते. परीक्षा सगळ्यांना सारखी आहे, असं म्हणताना हे कोणी मोजत नाही.

तेव्हा तिच्यासाठी दोन कामं, दोन्ही आत्ताच.

पहिलं, कागद. अर्ज पावसाळ्यातच निघतात. ऊसतोडीला नेणारी मुकादमाची गाडी दसरा-दिवाळीच्या दरम्यान येते. म्हणजे अर्ज भरायच्या वेळी आई-वडील गावातच आहेत, हे तुमचं नशीब. तिचं आधार कार्ड काढून बघा, नाव आणि जन्मतारीख तुमच्या रजिस्टरशी जुळते का. बहुतेक जुळत नसेल. ते दुरुस्त करायला तालुक्याला दोन खेपा पडतात आणि मजुरी बुडते, म्हणून लोक टाळतात. तुम्ही स्वतः बरोबर जा किंवा ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला गाठा. अर्जावर पालकाची आणि मुलीची, दोघांची सही लागते. जातीचा दाखला काढायला आत्ताच लावा. वंजारी, बंजारा अशा समाजांना राज्यात विमुक्त जाती-भटक्या जमातींत धरतात, पण केंद्राच्या यादीत ते ओबीसीत आहेत आणि नवोदयला केंद्राची यादी चालते. अर्ज भरणारा पोरगा बिनधास्त भलताच रकाना निवडतो आणि प्रवेशाच्या वेळी गोंधळ होतो. शेजारी बसून भरून घ्या.

दुसरं, ती गावात राहणं. हंगामी वसतिगृहाची योजना तुमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना मी काय सांगणार. आई-वडील हंगामाला गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकाकडे राहतं आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. शाळा व्यवस्थापन समितीचा प्रस्ताव आधीच गेला असेल तर उत्तम, नसेल तर याच महिन्यात बैठक लावा. तिच्या एकटीसाठी नाही, तुमच्या शाळेतली आणखी किती मुलं दिवाळीनंतर गायब होतात, ती सगळी मोजा.

अवघड भाग आईशी बोलण्याचा आहे. बाप मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन बसलेला असतो, त्याचं डोकं वेगळ्या हिशोबात असतं. आईला मात्र पोरगी बरोबर हवी असते, कारण कोपीवर धाकट्याला बघणार कोण? त्यामुळे ‘शिक्षणाचं महत्त्व’ वगैरे भाषण देऊ नका, ते तिने ऐकलंय. धाकट्याचं काय करायचं, यावर बोला. तोही वसतिगृहात राहू शकेल का, आजीला दोघं झेपतील का, हे ठरलं तर पुढचं सोपं. आणि लपवू नका. निवड झाली तर मुलगी अकराव्या वर्षी घर सोडणार. नववीत गेल्यावर काही मुलांना, साधारण 30 टक्क्यांना, वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात, तेही आत्ताच सांगा. नंतर कळलं की ‘बाईंनी फसवलं’ होतं, आणि गावात पुढच्या मुलीची वाट बंद.

तिची निवड होईलच असं मी म्हणत नाही. तुमच्या चौदांपैकी एकाचीही होणार नाही, हे जास्त शक्य आहे. जिल्ह्याला 80 जागा हा आकडाच इतका तुटपुंजा आहे की दोन तासांच्या पेपरवर दहा वर्षांच्या मुलांची प्रतवारी लावणं न्याय्य की अन्याय्य, हा वाद मला कधीकधी फुकटचा वाटतो. अशा शाळा तालुक्याला दोन असत्या तर तुमच्या दिरांना पट शोधत हिंडावंच लागलं नसतं. पण तो प्रश्न तुमच्या चार्जमध्ये येत नाही. तुमच्या हातात एवढं आहे की मुलांना सांगून ठेवा, हा एकच दरवाजा नाही. शिष्यवृत्ती आहे. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, त्यात निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. नवोदयच्याच नववीतल्या रिकाम्या जागांसाठी वेगळी चाचणी असते. आकृत्यांची जी सवय तुम्ही लावाल, ती यातल्या बहुतेक ठिकाणी कामाला येते.

शेवटचं. एवढं मोठं पत्र लिहिलंत, त्यात दीर आहेत, सासूबाई आहेत, पुतण्या आहे. नवरा कुठेच नाही. भाऊ त्यांचा, आई त्यांची, आणि नकार देण्याचं काम मात्र सुनेकडे, सही तिची लागते म्हणून. हे फोनवर वहिनीने दिराला समजावण्याचं काम नाही. तुमच्या घरच्यांना सांगा, धाकट्याला त्यांनी स्वतः फोन करावा आणि दोनच गोष्टी बोलाव्यात. नाव पटावर चढणार नाही, आणि पोरगं खरंच पाठवणार असशील तर जूनमध्ये दाखला घेऊन ये. सासूबाईंसमोर बोलावं, म्हणजे तिकडे वेगळं आणि इकडे वेगळं होणार नाही. ते टाळाटाळ करायला लागले तर मला पुन्हा लिहा, मग आपल्याला वेगळ्या विषयावर बोलावं लागेल. तोवर त्या मुलीचं आधार कार्ड मागवून घ्या.